कांचेचें तळें आणि त्याचा पंप

ज्या घरांत मासा ताटांत कधीं आला नाहीं, अशा घरांतहि हल्लीं तो दिवाणखान्यांत आलेला आहे. नातवंडांचा हट्ट, मुलाची हौस, किंवा एखाद्या दवाखान्यांत पाहिलेल्या टांकीची भुरळ, कारण कांहींहि असो; तीन फुटांची एक कांचेची टांकी, तिच्या खालीं लांकडी कपाट, आणि कपाटाच्या आंत दडविलेली दुसरी लहान टांकी असा सरंजाम पुष्कळ कुटुंबांतून दृष्टीस पडूं लागला आहे. वरच्या टांकीकडे सर्वांचें लक्ष असतें. खालच्या टांकीकडे, पाणी फरशीवर येईपर्यंत, कोणाचेंच नसतें. ह्या लेखांत आम्ही त्या खालच्या टांकीविषयीं, आणि विशेषतः तींतील पाणी वर चढविणाऱ्या लहानशा पंपाविषयीं लिहिणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ह्या पंपाचा ओघ बेताचा नसेल तर एक तर मासे मरतात, नाहीं तर घर भिजतें. आणि एकत्र कुटुंबांत ह्या दोहोंपैकीं कोणतीहि गोष्ट एकट्याची राहत नाहीं.

प्रथम रचना समजून घेऊं. वरच्या टांकीच्या एका कोपऱ्यांत उभी पेटी असते व तिच्या कांठास फणीसारखे दांते असतात. ह्या दांत्यांतून पाणी ओसंडून पेटींत पडतें, आणि तेथून नळीवाटे खालच्या टांकींत उतरतें. खालच्या टांकीस व्यवहारांत 'संप' म्हणतात. गिरणीचा संप आठवून वडीलधाऱ्यांनीं दचकूं नये. हा शब्द इंग्रजी असून पाणी सांठण्याची खोल जागा एवढाच त्याचा अर्थ आहे. संपांत आलेलें पाणी आधीं स्पंजांतून, मग सच्छिद्र खड्यांवरून जातें आणि शेवटच्या कप्प्यांत पोंचतें. त्या कप्प्यांत पंप असतो. तो पाणी पुन्हां वर पाठवितो, म्हणून दुकानदार त्यास 'रिटर्न पंप' म्हणतात. पाणी खालीं येतें तें स्वतःच्या भारानें, वर जातें तें विजेच्या बळानें. जेवढें वर चढेल तेवढेंच खालीं उतरेल. अर्थात् साऱ्या चक्राची गति ठरविणारा हा पंपच.

ही युक्ति आजची नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं माशांचें घर लोकांस खुलें झालें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्याच्या ग्रंथानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरीं पोंचविला. त्या काळच्या हौशी लोकांचा भर असा कीं, वनस्पति व प्राणी ह्यांचा मेळ नीट जमला म्हणजे पाणी हालविण्याची फारशी गरज नाहीं. विल्यम आल्फर्ड लॉइड हा गृहस्थ त्यापलीकडे गेला. क्रिस्टल पॅलेस येथें १८७१ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांत त्यानें प्रेक्षकांस दिसणाऱ्या टांक्यांपेक्षां कितीतरी अधिक समुद्रजल खालच्या अंधाऱ्या, थंड हौदांत सांठविलें, आणि वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या पंपांनीं तें फिरतें ठेवलें. आपल्या कपाटांतला संप हा त्या हौदाचाच पणतू होय. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनीं लहानपणीं पाहिलें असेल त्यांना कांचेपुढची गर्दी आठवेल. कांचेमागचे नळ फारच थोड्यांनीं पाहिले असतील. शतपथ ब्राह्मणांतील मनूचा मासा तर कुंभांत मावेनासा झाला, मग खड्ड्यांत मावेनासा झाला, आणि अखेर त्याला समुद्रांतच सोडावें लागलें. पंप नसलेल्या काळीं तो मार्ग सर्वांत शहाणपणाचा होता.

आतां मुद्द्याकडे वळूं. सोयीसाठीं आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांतील टांकीचीं मापें घेतों. टांकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच. पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे १६२ लिटर. त्यांनीं आणलेल्या पंपाच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'ताशीं ३००० लिटर' असें छापलेलें होतें. हा आंकडा खोटा नसतो. पण तो आपला नसतो. पाणी मुळींच वर चढवावें लागलें नाहीं तर पंप तासाभरांत जितकें लोटील तितकें तें माप आहे. त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत दुसरा आंकडा असतो, कमाल उंचीचा. येथें तो ३ मीटर होता. त्याचा अर्थ असा कीं, ३ मीटर उंचीवर पंप पाण्याला केवळ तोलून धरतो, थेंबहि बाहेर पडत नाहीं. आपली टांकी ह्या दोन टोंकांच्या मध्यें कोठें तरी असते. संपांतील पाण्याच्या पातळीपासून वरच्या पाण्याच्या पातळीपर्यंतचा चढ, वाटेंतील प्रत्येक एल्बो, नळीचा अरुंदपणा, हे सारे आपापला वांटा कापून घेतात. ज्याचा पगार मोठा पण घरीं येईपर्यंत निम्मा उरतो अशा कारकुनाची आठवण व्हावी, तसेंच हें आहे.

म्हणून खोक्यावर विसंबूं नये, मोजावें. त्यासाठीं १० लिटरची खूण असलेली बादली व सेकंदकांट्याचें घड्याळ पुरे. वरच्या तोंडास नळीचा तुकडा जोडून पाणी बादलींत घ्यावें; मात्र नळीचें टोंक टांकींतील पाण्याच्या पातळीइतक्याच उंचीवर धरावें. नळी खालीं लोंबूं दिली तर चढ कमी होतो, पंप एकाएकीं उदार बनतो आणि हिशेब फसतो. मोजतांना संपांतलें पाणी झरझर उतरतें, तिकडेहि एकानें लक्ष ठेवावें, व मापून झालें कीं बादली परत ओतावी. ह्या घरीं बादली २४ सेकंदांत भरली. मिनिटास २५, ताशीं १५०० लिटर! खोक्यावरच्या आंकड्याच्या बरोबर निम्मे. तरीहि टांकींतलें पाणी तासाला नऊ वेळां फिरत होतें.

नऊ वेळां हें पुष्कळ कीं थोडें? दुकानांतून अजूनहि 'दहापट फिरवा' असा सल्ला मिळतो. आमचें मत वेगळें आहे. घरगुती टांकींत, मासे बेताचे असतील तर, संपांतून तासाला चार ते पांच वेळां पाणी फिरलें म्हणजे काम भागतें. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो. स्पंजावर व खड्यांवर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ह्या जंतूंना ताजें, प्राणवायुयुक्त पाणी सतत मिळालें पाहिजे. ओघ फारच मंद झाला तर वर अमोनिया सांचतो व खालीं जंतु गुदमरतात. ह्या दृष्टीनें पंप मंदावणें हें खरोखर प्राणघातक आहे, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. पण गरजेपुरता ओघ मिळाल्यावर अधिक ओघानें अधिक पुण्य पदरीं पडत नाहीं. उलट पाणी स्पंजांतून जाण्याऐवजीं त्याच्या कडेनें वाट काढतें, गाळ उचलून पुढें नेतें, बारीक बुडबुडे वर येऊन टांकी दुधट दिसूं लागते, आणि रात्रीं निजलेल्या माणसांस नळीची गुळगुळ ऐकूं येते.

आणि मासे? त्यांना विचारलेंच पाहिजे, कारण राहायचें त्यांना आहे. फायटर नांवाचा लांब पंखांचा मासा साचलेल्या, उथळ पाण्यांतला. तो पृष्ठभागाशीं येऊन डोक्यांतील एका विशेष इंद्रियानें हवेंतला प्राणवायु घेतो. वाहत्या पाण्यांत त्याचे ते सुंदर पंखच त्याचे वैरी होतात. गोल पोटाचा गोल्डफिशहि पोहण्यांत मंद. झेब्रा मासे मात्र प्रवाहांत खेळतात. आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागांतल्या, केरळ व कर्नाटकांतल्या डोंगरी नद्यांत राहणारा, अंगावर लाल पट्टा असलेला 'मिस केरळ' मासा तर धांवत्या पाण्याचाच. शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं त्याच्या कुळास 'सह्याद्रिया' हें नांव दिलें. (हा मासा आज संकटांत सांपडलेल्या जातींपैकीं आहे, हौशी मंडळींनीं तो घेण्यापूर्वीं एकदां विचार करावा.) आमच्या ह्या परिचित घरीं गोल्डफिश होते. सकाळसंध्याकाळ ते एका दगडाआड तोंड लपवून शेपटी हालवीत राहत आणि खाणें टाकलें तर तें तोंडाशीं येण्याआधींच वाहून जाई. घरांतल्या आजींनीं 'ह्यांना वारा लागल्यासारखें झालें आहे' असें निदान केलें. शब्द चुकला असेल, निदान अचूक होतें.

ओघ कमी करण्याचे मार्ग तीन. साध्या पंपास चढत्या नळीवर, म्हणजे पंपाच्या पुढें, व्हॉल्व्ह बसवून तो हळूहळू आवळावा. पाणी पंपांत शिरतें त्या तोंडाशीं कधींहि आवळूं नये. हा पंप आपल्या पोटांतला चुंबकी पंखा पाण्यावरच फिरवितो. पाणीच त्याचें तेल आणि पाणीच त्याचा गारवा. तोंडाशीं उपास घडविला तर पोटांत पोकळी होऊन तो खडखडतो, तापतो, व लवकर झिजतो. पुढच्या बाजूस बेतानें आवळल्यास त्याचें कांहीं बिघडत नाहीं. पुष्कळांस वाटतें तशी वीजहि अधिक लागत नाहीं, बहुधा थोडी कमीच लागते. मात्र व्हॉल्व्ह पुरता बंद करून पंप चालूं ठेवूं नये. दुसरा मार्ग म्हणजे चढत्या नळीस संपांतच एक फांटा काढून जादा पाणी तेथल्या तेथें परत सोडणें. ह्यांत पंप मोकळा राहतो, पण न चढलेल्या पाण्याचीहि वीज भरावी लागते. ५० वॅटचा पंप अहोरात्र चालला तर दिवसाला सवा युनिटच्या आसपास, महिन्याला ३६ युनिट होतात. मोठा पंप आणून तो अर्धा वाया घालविणें हा श्रीमंती शौक आहे.

तिसरा मार्ग नव्या पद्धतीच्या पंपांचा. त्यांना एक लहान नियंत्रक जोडलेला असतो आणि बटण दाबून पंख्याची गतिच कमीअधिक करतां येते. वीज वांचते, आवाज कमी होतो. आमच्या मतें नवा पंप घेणारानें हाच घ्यावा. परंतु येथें एक गंमत आहे, ती ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ लोक बुचकळ्यांत पडतात. गति निम्मी केली कीं ओघ निम्मा होईल अशी सहज कल्पना होते. पण पंख्याची गति निम्मी झाली म्हणजे पाणी चढविण्याची कमाल उंची निम्मी नव्हे, चौथाई होते. तीन मीटरची पाऊण मीटर. आणि आपल्याला तर पाणी १ मीटर ३० सेंटिमीटर चढवावयाचें आहे. अर्थात् नियंत्रक अर्ध्यावर आणला तर ओघ निम्मा होत नाहीं, मुळींच बंद पडतो. पंप फिरत असतो, घरघर ऐकूं येते, आणि वर थेंब नाहीं. रात्रीं आवाज नको म्हणून कोणी बटण खालीं उतरविलें आणि सकाळीं मासे पृष्ठभागावर तोंडें उघडून आले, तर कारण हें असूं शकतें. म्हणून नियंत्रकावरच्या आंकड्यांवर विश्वास न ठेवतां प्रत्येक पायरीस बादली लावावी.

आमच्या परिचितांचा पंप साधा होता. पुढें व्हॉल्व्ह बसवून बादली २४ ऐवजीं ४८ सेकंदांत भरेपर्यंत तो आवळला; ताशीं ७५० लिटर, तासाला साडेचार फेऱ्यांहून किंचित अधिक. शिवाय टांकींत पडणाऱ्या तोंडाचे दोन भाग करून तीं रुंद केलीं व पृष्ठभागाकडे वळविलीं. ओघ तोच असतांना तोंड रुंद केलें कीं झोत सौम्य होतो, हें बागेंतल्या नळीवर अंगठा ठेवून पाहणाऱ्या मुलासहि ठाऊक असतें. तीन दिवसांत गोल्डफिश दगडाआडून बाहेर आले.

ओघ बदलला कीं उतरत्या नळीकडेहि पाहावें लागतें. साध्या नळींत पाण्याबरोबर हवा ओढली जाते व गुळगुळ होते. कांहीं टांक्यांत ती नळी पूर्ण भरून, वक्रनळीसारखी चालवितात आणि तिच्यावर बारीक फिरणारा गेट व्हॉल्व्ह ठेवतात. मग आवाज जवळजवळ नाहींसा होतो. तेथें क्रम लक्षांत ठेवावा: आधीं पंपाचा ओघ कायम करावा, मगच उतरता व्हॉल्व्ह पावपाव फेऱ्यानें जुळवावा. आणि अशा रचनेंत दुसरी एक मोकळी नळी संकटासाठीं असलीच पाहिजे. एकच नळी ठेवून तिच्यावर व्हॉल्व्ह बसविणें म्हणजे घराला एकच दार ठेवून त्याला बाहेरून कडी घालणें.

आतां घर भिजण्याचा प्रकार. वीज गेली कीं पंप थांबतो, पण पाणी थांबत नाहीं. चढत्या नळीचें तोंड पाण्याखालीं बुडालेलें असेल तर तीच नळी उलट वक्रनळी बनते व टांकीचें पाणी तोंड उघडें पडेपर्यंत खालीं ओढते. ह्या घरीं तोंड १० सेंटिमीटर खोल होतें. टांकीच्या एका सेंटिमीटरांत सुमारें ४ लिटर पाणी. म्हणजे ४० लिटर खालीं येणार. संप ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३५ उंच, आणि २० सेंटिमीटरपर्यंत आधींच भरलेला. त्यांत रिकामी जागा २७ लिटरांची. उरलेले १३ लिटर कोठें जावें? एका रात्रीं वीज गेली आणि ते कपाटांतून फरशीवर व फरशीवरून पुस्तकांच्या कपाटाखालीं गेले. तळच्या खणांत आजोबांनीं जन्मभर जमविलेल्या पोथ्या होत्या. त्या वाळत घालून वांचल्या. पण 'मासे कोणास तरी देऊन टाका' असा ठराव दुसऱ्या दिवशीं जेवणाच्या पंक्तींतच झाला. लहान नातू ताटावरून उठला. तो ठराव फिरविला तो घरच्या धाकट्या सूनबाईंनीं. वरचा हिशेब त्यांनींच फळ्यावर मांडून दाखविला, आणि उपायहि त्यांचाच: चढत्या नळीस पाण्याच्या पातळीखालीं एक सेंटिमीटरवर लहानसें भोंक. पातळी तेथवर उतरली कीं भोंकांतून हवा शिरते व वक्रनळी तुटते. आतां वीज गेली तर फार तर ८ लिटर उतरतात. संप साडेचार सेंटिमीटर चढतो, इतकेंच. दुकानदार ह्याऐवजीं एकाच दिशेनें उघडणारा झडपेचा व्हॉल्व्ह सुचवितात. झडपेंत शेवाळ वा एखादी गोगलगाय अडकली कीं ती मिटत नाहीं. भोंकाला मिटावें लागत नाहीं. तें शेवाळानें बुजूं नये म्हणून आठवड्याला काडी फिरवावी.

मोठ्या शहरांत वीज जात नाहीं असें कोणी म्हणेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं सबंध मुंबईची वीज गेली होती, हें आठवावें. म्हणून नवी टांकी मांडल्यावर, व ओघांत फेरफार केल्यावर, घरांत माणसें जागीं असतांना पंपाचें बटण मुद्दाम बंद करून पाहावें. पाणी थांबल्यावर संपाच्या कांचेवर खूण करावी व ती कांठाच्या खालीं आहे ना, तें पाहावें. मग पंप पुन्हां सुरू करून दुसरी परीक्षा: उतरती वाट तुंबली असें समजून ती हातानें झांकून धरावी. पंप शेवटचा कप्पा उपसून वर ओतील. तेवढें पाणी वरच्या मोकळ्या जागेंत मावलें पाहिजे. ह्या घरीं कप्प्यांत १२ लिटर आणि वर ५ सेंटिमीटर, म्हणजे २० लिटरांची जागा होती. तेव्हां काळजी नव्हती. कप्पा आटतांच पंप बंद करावा, कोरडा फिरूं देऊं नये. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं मात्र प्रत्येक वेळीं विजेची खुंटी काढावी, आणि वायरीला बटणाच्या खालीं झोळ ठेवावा, म्हणजे ओघळ बटणांत न शिरतां झोळावरून टपकतो.

बाष्पीभवनानें जें पाणी कमी होतें तें टांकींत दिसत नाहीं, ह्या शेवटच्या कप्प्यांतच दिसतें. उन्हाळ्यांत तेथें रोज नजर ठेवावी. उन्हाळ्याचें आणखी एक: पाणी २५ अंशांवर असतां लिटरमागें सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु धरतें, ३० अंशांवर साडेसात. फरक अल्प दिसतो, पण त्याच वेळीं माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. वैशाखांत व्हॉल्व्ह किंचित सैल करावा व तोंडें पृष्ठभागाच्या जवळ आणून लहरी उठूं द्याव्या. आषाढांत पुन्हां पूर्ववत्.

बादलीचे सेकंद एका कागदावर तारखेसह लिहून कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावे, आणि दर तीन महिन्यांनीं पुन्हां मोजावें. ४८ चे ५५ झाले, ६० झाले, तर व्हॉल्व्हला हात लावूं नये. पंपाच्या पंख्यावर चुन्याचा थर बसला असेल, किंवा जाळीवर शेवाळ. पंप काढून, पंखा सोडवून, पाणी घातलेल्या शिर्क्यांत तासभर ठेवावा, जुन्या दांतांच्या ब्रशानें घासावा, स्वच्छ धुऊन परत बसवावा, आणि पुन्हां बादली लावावी.